सायपायमध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) लंबकाचा आलेख कोपरे-कोपरे असलेला का येतो? मॅटलॅबमध्ये तर गुळगुळीत येतो.

तुमचं समीकरण बरोबर आहे, प्रोग्रॅमही बरोबर आहे. जे कोपरे दिसतायत ते सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरण टप्प्याटप्प्याने सोडवणाऱ्या फंक्शनच्या, वेळेतल्या पावलांचे आहेत.

सायपायचा सॉल्व्हर सॉल्व्ह_आयव्हीपी, आपण काही सांगितलं नाही तर, आरके४५ (रुंगे-कुट्टा) पद्धत वापरतं आणि पाऊल केवढं टाकायचं ते स्वतःच ठरवतं. चूक मर्यादेत राहत असेल तिथे लांब ढांग, नाहीतर छोटी. तुम्ही वेळेची फक्त सुरुवात आणि शेवट दिलात, त्यामुळे पावलं पडली तेवढेच बिंदू हाती आले आणि आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबने ते सरळ रेघांनी जोडून टाकले. मॅटलॅबचा सॉल्व्हर ओडीई४५ आतून असंच चालतं, फक्त प्रत्येक पावलाचे चार तुकडे करून देतं. त्यातलं 'रिफाइन' ४ चं १ करून बघा, तिथेही कोपरे निघतील.

सॉल्व्ह_आयव्हीपीच्या टी_इव्हॅलला (कोणत्या क्षणांची उत्तरं हवीत ती यादी) ० ते २० सेकंदांमधले समान अंतरावरचे १००० बिंदू द्या, आलेख सुरेख येईल. सबमिशनपुरतं काम झालं.

पण टी_इव्हॅलमुळे सॉल्व्हरची पावलं बदलत नाहीत, मधले बिंदू इंटरपोलेशनने (आजूबाजूच्या पावलांवरून अंदाजाने) भरले जातात. अचूकता होती तेवढीच राहते. ती आरटोल आणि एटोलवर (चालवून घ्यायच्या सापेक्ष आणि निरपेक्ष चुकीच्या मर्यादा) ठरते, आणि आरटोल आपण काही दिलं नाही तर ०.००१ असतं, म्हणजे बरंच सैल. खात्री करायची तर घर्षण शून्य ठेवून २०० सेकंद चालवा आणि कोनासमोर कोनीय वेग काढा. ऊर्जा कायम असल्यामुळे एकच बंद वळण यायला हवं. सैल आरटोलवर प्रत्येक फेरी जराशी सरकते आणि रेघेचा पट्टा होतो. आरटोल ०.०००००००१ करा, एटोलही तसंच खाली आणा, पट्टा आवळून पुन्हा रेघ होते. लंबकासारख्या छोट्या गणिताला यात फारसा जास्त वेळही लागत नाही.

प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचच्या आकड्यांशी ताडून बघणार असाल तर गुरुत्व त्वरण ९.८१ घेऊ नका, पुण्यात ते ९.७८ च्या आसपास आहे. आवर्तकाळात साधारण ०.१५ टक्के फरक पडतो.

आणि पुढे व्हॅन डर पोलचं आंदोलनाचं समीकरण त्यातला म्यू हा स्थिरांक १००० घेऊन सोडवायला दिलं, तर ते 'स्टिफ' असल्यामुळे आरके४५ ला फार छोटी पावलं टाकावी लागतील आणि ते गोगलगायीसारखं चालेल. तिथे पद्धत म्हणून अशा समीकरणांसाठीच्या राडाऊ किंवा एलएसओडीए यांपैकी एक लिहा.