संरक्षण खात्यात खरेदी विभागात पोस्टिंग मिळालंय. ट्रेनिंग कुठे मिळतं आणि यात पुढे करियर आहे का?

मी पुण्यात संरक्षण खात्याच्याच एका आस्थापनेत स्टोअर्स-परचेसला बरीच वर्षं काढलीत, म्हणून अनुभवाचं सांगतो. करियर आहे, पण ट्रेनिंगची वाट बघत बसू नका.

मला पहिल्याच वर्षी रबर सीलची केस आली, साधी वस्तू. युजरने, म्हणजे वस्तू मागणाऱ्या विभागाने, दिलेलं स्पेसिफिकेशन एका कंपनीच्या कॅटलॉगमधून जसंच्या तसं उतरवलेलं होतं, पार्ट नंबरची पद्धतसुद्धा तीच, आणि मला ते कळलंच नाही. त्यामुळे एकच बिड आली, दुसऱ्या सप्लायरने तक्रार केली, फायनान्सने फाइल परत पाठवली, रिटेंडर, म्हणजे टेंडर पुन्हा काढावं लागलं. आठ महिने गेले, आणि तेवढे दिवस वर्कशॉपमध्ये गाड्या जॅकवर उभ्या, रोज जाता-येता दिसायच्या, फार लागायचं मनाला.

कोर्स आहेत. फरिदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सरकारी खरेदीचे छोटे कोर्स होतात, जबलपूरला लष्कराच्या ऑर्डनन्स कोरचं (साहित्य पुरवठा विभागाचं) कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट आहे, नागपूरला अंबाझरीत नॅशनल अकॅडमी ऑफ डिफेन्स प्रॉडक्शन. नॉमिनेशन ऑफिसमधूनच जातं, त्यामुळे सर्क्युलर आलं की त्याच दिवशी साहेबांना सांगा. आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन ट्रेनिंग पोर्टलवर तर घरबसल्या करता येतं.

वाचायचं म्हणाल तर आधी जीएफआर २०१७ (सरकारी खर्चाचे जनरल फायनान्शियल रूल्स), मग डीपीएम (डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल), आणि ते जुनं २००९ चं नको, नवीन १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालंय. डीएपी (डिफेन्स अ‍ॅक्विझिशन प्रोसिजर) कॅपिटल खरेदीसाठी, म्हणजे विमानं, तोफा वगैरे. सुटे भाग, रिपेअर हे सगळं रेव्हेन्यू, म्हणजे रोजच्या खर्चातली खरेदी, त्याला डीपीएम, तुमचं काम बहुतेक तेच असणार.

मला एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. युनिफॉर्मवाले अधिकारी दोन-तीन वर्षांत काम शिकतात आणि बदली होऊन जातात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २००७ मध्येच कॅपिटल खरेदीबद्दल लिहिलं होतं की हे स्पेशलिस्टचं काम आहे आणि आपण ते पुरेसं ट्रेनिंग नसलेल्या लोकांकडून करून घेतो. अमेरिकेने १९९० मध्ये त्यासाठी कायदाच केला, तिथे या लोकांना दर दोन वर्षांत ८० पॉइंट्सचं शिक्षण घ्यावंच लागतं. आपल्याकडे सिव्हिलियन स्टाफ टिकून राहतो, म्हणून तुमच्यासारख्यांनी नीट शिकणं फार गरजेचं आहे.

पहिल्या महिन्यात रेकॉर्डमधून पाच बंद फायली मागून घ्या, त्यात एक तरी रिटेंडर झालेली हवी, आणि नोटिंग (फाइलवरचे अधिकाऱ्यांचे शेरे) पहिल्या पानापासून वाचा. कुठे अडलं तर सेक्शनमधल्या सगळ्यात जुन्या यूडीसींना (अप्पर डिव्हिजन क्लार्कना) विचारा.