एल्फिन्स्टन काका-पुतणे आणि त्यांचे घराणे

प्रश्न : एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड स्थानक ज्यांच्या नावाने ओळखले गेले, ते गव्हर्नर एकच होते का? हे घराणे मूळचे कुठले, आणि त्यातले इतके लोक हिंदुस्थानात कसे आले? (एक वाचक, परळ)

उत्तर : ते दोघे वेगळे, नात्याने सख्खे काका-पुतणे होते. महाविद्यालयाला नाव मिळाले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (1779–1859) यांचे. पेशवाईच्या अखेरीस ते पुण्याचे रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, होते आणि 1819 ते 1827 या काळात मुंबईचे गव्हर्नर. रेल्वे स्थानकाला आणि आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकाला नाव होते त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे. ते 1853 ते 1860 या काळात, म्हणजे 1857 च्या उठावाच्या वेळीही, मुंबईचे गव्हर्नर होते. स्थानकाचे नाव 2018 मध्ये प्रभादेवी झाले.

आपल्याकडे काकांनाही सर्रास ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. हा किताब स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने सोळाव्या शतकाच्या आरंभी स्टर्लिंग परगण्यातल्या या घराण्याला दिला. पहिले लॉर्ड 1513 मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर पडले आणि दुसरे 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत. दोन्ही लढाया इंग्रजांविरुद्धच्या होत्या. किताब एका वेळी एकालाच मिळे आणि तो थोरल्या शाखेत उतरत जाई. धाकट्यांना नौदल, पलटण किंवा ईस्ट इंडिया कंपनी यांतूनच पोट भरावे लागे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

दहाव्या लॉर्डांचे तिसरे पुत्र विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीचे संचालक झाले, तर त्यांचे धाकटे भाऊ जॉर्ज हे पुढे ॲडमिरल लॉर्ड कीथ म्हणून गाजले. अकरावे लॉर्ड हे त्या दोघांचे थोरले बंधू आणि माउंटस्टुअर्ट हे त्यांचे चौथे पुत्र. संचालक काकांच्या वशिल्याने माउंटस्टुअर्ट यांना कंपनीची नोकरी मिळाली आणि 1796 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते कलकत्त्यास उतरले. 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना ज्यांच्या हाताखालचे सैन्य जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाले, ते जनरल एल्फिन्स्टन म्हणजे याच संचालकांचे पुत्र आणि माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. एकाच घरातले इतके अधिकारी पाहून त्यांच्या कर्तबगारीइतकाच विचार या नातेसंबंधांचाही करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

वंशावळीतला सर्वांत लक्षणीय भाग मात्र 1860 नंतरचा आहे. तेरावे लॉर्ड त्या वर्षी अविवाहित वारले आणि किताब त्यांच्या चुलतभावाकडे गेला. हे चौदावे लॉर्डही 1861 मध्ये वारले. अकराव्या लॉर्डांच्या वंशात पुरुष वारस न उरल्यामुळे किताब संचालक विल्यम यांच्या नातवाकडे, म्हणजे काबूलच्या जनरलच्या पुतण्याकडे, गेला आणि तो त्या शाखेत आजही चालू आहे. माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डांचे पुत्र होते. त्यांनी गव्हर्नर जनरलचे पद नाकारले होते, लग्नही केले नव्हते, आणि 20 नोव्हेंबर 1859 रोजी सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. ते आणखी दोन वर्षे जगले असते, तर पंधरावे लॉर्ड एल्फिन्स्टन तेच झाले असते.