वाचकांचे प्रश्न : इंग्रजी क्रियापदाचा भविष्यकाळ

प्रश्न : इंग्रजी क्रियापदाचे भविष्यकाळ कसे तयार करतात? ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांत फरक आहे का?

उत्तर : मराठीत ‘लिहिणे’चे ‘लिहीन’, ‘लिहील’ असे रूपच बदलते. इंग्रजीत भविष्यकाळाचा असा प्रत्यय नाही. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘विल’ ठेवले की ‘आय विल राइट’ हा साधा भविष्यकाळ तयार होतो आणि कर्ता कोणताही असला तरी हे रूप बदलत नाही, म्हणून ‘ही विल राइट्स’ चूक ठरते. ‘मी लिहीत असेन’साठी ‘आय विल बी रायटिंग’, तर ‘मी लिहिलेले असेल’साठी ‘आय विल हॅव रिटन’ म्हणावे. ‘आय विल हॅव बीन रायटिंग’ हे चौथे रूप क्वचितच लागते.

बोलता बोलता घेतलेल्या निर्णयाला ‘विल’ शोभते. आधीच ठरलेल्या बेताला ‘आय अ‍ॅम गोइंग टू राइट’, म्हणजे आपले ‘मी लिहिणार आहे’, अधिक जवळचे वाटते.

खरी अडचण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ या वाक्यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो, त्यामुळे सवयीने ‘व्हेन ही विल कम’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या अशा कालदर्शक उपवाक्यात साधा वर्तमानकाळच येतो : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘इफ’ने अट सांगतानाही सहसा हेच करावे.