आधी एक पावसाळा काढ

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तीन धंदे मांडलेस: घरचे केक, हातविणीच्या टोप्या आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं. पुण्याची नोकरी सोडलीस, पाचगणीत दोन खोल्या भाड्याने घेतल्यास, ओव्हन आला, सुया आल्या, दारात कुत्रीही जमली. यात मला वावगं काही दिसत नाही. तुझी आई फोनवर रडली ते सोड, ती तुझ्या मुंजीतही रडली होती. पण पाटी रंगवायला टाकतोय असं लिहितोस, ते तेवढं थांबव. आधी एक पावसाळा काढ.

तू आलास मे महिन्यात. मेमधली पाचगणी पाहुण्यांची असते. टेबललँडवर घोडे, रस्त्यावर पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग, जो तो सुट्टीचे पैसे खिशात घेऊन आलेला. त्या गर्दीवर हिशेब मांडलास तर जुलैत तोंडावर आपटशील. पाऊस लागला की धुकं खिडकीतून घरात शिरतं आणि चार महिने गावात उरतात ती गावचीच माणसं. वसतिगृहातल्या स्वयंपाकिणी, शिक्षक, दुकानदार, माळी, पसरणी घाट चढून वाईहून रोज कामाला येणारे. त्यांना तुझ्याकडून काय हवंय हे तुला अजून ठाऊक नाही. त्यांच्या लेखी तू सध्या ‘तो पुण्याचा, कुत्रीवाला’ एवढाच आहेस.

आता केक. तुझा केक मध्ये खचतो आणि तू मैद्याला शिव्या घालतोस. मैदा बिचारा निर्दोष आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणीसुद्धा ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्याच्या मापाने बेकिंग पावडर घातलीस की केक झपाट्याने फुगतो, पण आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आधीच फुगतो, आणि मग आधार नसल्यामुळे बसतो. चमचाभर पावडरीतली चिमूट-दोन चिमटी कमी कर. दूध एक-दोन मोठे चमचे जास्त घाल, कारण इथे ओल लवकर उडते. ओव्हन १८० वर लावत असशील तर पाच-दहा अंश वाढव. पावाचं पीठ इथे पुस्तकात दिलेल्या वेळेआधीच फुगून येतं. तिथे घड्याळ बघू नकोस, पीठ बघ.

हे सगळं बसवलंस की पाऊस येईल आणि पुन्हा गणित बदलेल. डबा नीट लावलेला नसेल तर मैदा हवेतली ओल पितो, मग तेच पाण्याचं माप जास्त होतं. रव्यात पोरकिडे होतात. केक अर्धा भाजून झाला की वीज जाते. म्हणून ओव्हनच्या भरवशावर राहू नकोस, गॅसवरचा केक शिकून ठेव. कुकरमध्ये दोन वाट्या जाडं मीठ पसरायचं, त्यावर चकती, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून टाकायची, दहा मिनिटं रिकामा तापू द्यायचा, मग आत केकचं भांडं ठेवायचं आणि आच मंद. वर तांबूस रंग यायचा नाही, तेवढं पाहुण्यांना सांगायचं.

स्ट्रॉबेरीचा केक करायचा असं लिहितोस. सगळेच लिहितात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, फळ नावाजलेलं आहे, पण त्यात नव्वद टक्के पाणीच असतं. ताजे काप पिठात ढकललेस की प्रत्येक कापाभोवती कच्चा लगदा राहतो. फळ आधी साखरेत आटवून निम्म्यावर आण, गार कर, मग घाल. आणि हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, बारकी आणि वेडीवाकडी फळं स्वस्तात मिळतात; आटवायला तीच घे.

खरं सांगू? केकपेक्षा नानकटाई शीक. वाई-साताऱ्याकडे बायका दिवाळीआधी तूप, साखर, मैदा, रवा घेऊन बेकरीत जात आणि भट्टीत भाजून डबे भरून घरी आणत. जिथे अजून भट्टी आहे तिथे जाऊन उभा राहा. भट्टीवाला मोजून काही सांगणार नाही, पण त्याचा हात बघ. तूप थिजलेलं लागतं, पातळ तुपाची नानकटाई तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरते. परातीत तळहाताने फेसत राहायचं, पिवळटपणा जाऊन पांढरं, हलकं होईतो. मग पिठीसाखर, मग दोन भाग मैद्याला एक भाग तूप या बेताने मैदा आणि मूठभर बेसन, वेलची, चिमूटभर सोडा. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. भट्टीतून निघते तेव्हा ती बोटाने दबते, कच्ची वाटते. तिला हात लावू नकोस. गार झाली की आपोआप खुटखुटीत होते. डबा घट्ट असेल तर पावसातही टिकते, आणि वसतिगृहातल्या पोराला घरून आल्यासारखी वाटते ती हीच.

टोप्यांचा बेत मात्र मनातून काढून टाक. बाजारात टांगलेल्या कानटोप्या यंत्रावर विणलेल्या असतात, त्या भावात तुझी लोकरसुद्धा यायची नाही. पण अख्खं गाव शाळांचं आहे. स्वेटरचं कोपर फाटतं, मनगटाशी उसवतं, गळ्याचा काठ सैल पडतो, आणि ते दुरुस्त करून देणारं कुणी सापडत नाही म्हणून आई नवा घेते. तू दुरुस्तीपासून सुरुवात कर. विणकाम त्यातच येतं, कारण दुसऱ्याची वीण वाचावी लागते.

सुटलेला टाका उचलायची रीत एकदा नीट सांगते, कारण तू दरवेळी सगळं उसवतोस. क्रोशाची सुई घे. कापडाची सुलट बाजू समोर धर. टाका सुटला तिथे आडव्या धाग्यांची शिडी पडलेली असते, तिच्या तळाशी एक टाका मोकळा लोंबत असतो. त्यात सुई पुढून घाल, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा आकड्यात पकड आणि टाक्यातून पुढे ओढून घे. झाली एक पायरी. मग तिच्या वरचा धागा. असं चढत वरपर्यंत ये आणि टाक्याला पीळ न पडू देता डाव्या सुईवर चढव. मधला एखादा धागा राहिला तर मागे तो आडवा ताणलेला दिसतो. उलट टाके असतील तर कापड फिरव, म्हणजे तेच सुलट होतात.

आणि स्वेटरच्या गळ्याचे शेवटचे टाके बंद करताना तुझा हात आवळतो. डोकं आत जात नाही, तुझ्या भाचीने सिद्ध केलंच. तेवढ्यापुरती जाड सुई घे. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका लहान तितकी सुई जाड: १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबरची चार. दहावर विणलंस तर आठवर बंद कर.

मुलगा असून विणतो म्हणून हसतील. हसू देत. एसटी स्टँडवर बाकावर बसून वीण. आजूबाजूच्या आज्या आपण होऊन जवळ येतील, तुझं विणकाम हातात घेऊन उलटंपालटं करतील, आणि एखादी तरी नवी वीण शिकवून गाडीत बसेल. मात्र जून ते सप्टेंबर शुद्ध लोकरीचं काही धुवायला घेऊ नकोस. आठवडा गेला तरी वाळत नाही आणि घरभर ओल्या मेंढरांचा वास सुटतो.

कुत्र्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण गावाशी तुझं पहिलं भांडण तिथेच होणार आहे. तू त्यांना दारात खायला घालतोस. म्हणजे दार त्यांचं झालं, आणि समोरून शाळेत जाणारी पोरं त्यांच्या हद्दीत शिरली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खायला घालायची जागा जिने, येण्याजाण्याची दारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांच्यापासून लांब असावी असंच म्हटलंय. वेळसुद्धा अशी, की मुलं आणि म्हातारी माणसं तिथे नसतील. एक कोपरा धर, रोज एकच वेळ, आणि उष्टंखरकटं तिथे ठेवून निघून यायचं नाही. शेजारच्या आजी काठी आपटतात म्हणून तू चिडतोस. त्यांना आधी कधी कुत्रं चावलंय का, हे कधी विचारलंस?

खाऊ घालण्याआधी नसबंदी आणि रेबीजची लस. नगरपरिषदेत लेखी अर्ज दे, पोच घे, आणि पाठपुरावा कर. तिथे तुझ्याआधी कुणीतरी दिलेला अर्ज पडलेला असेलच. कानाला खाच असलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं, हे तुझ्या गल्लीतल्या पोरांनाही दाखव. कुणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लशीला न्यायचं. हळद, मिरची, चुना काही लावू द्यायचं नाही, कुणी कितीही अनुभवी सांगो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वेटर विणतोस, ते बंद कर. फोटोत छान दिसतं. पावसात तो भिजतो, अंगाला चिकटून राहतो, झुडपात अडकतो, आणि आत गोचिडांना घर मिळतं. कोरड्या पडवीत दोन गोणपाटं टाक, त्यांचं भागतं. घरात घेतलंयस त्याला रात्री बाहेर बांधू नकोस. या डोंगरात बिबट्या आहे आणि बांधलेलं कुत्रं त्याला आयतं सापडतं.

कुत्र्यांची बिस्किटं करायची तर चॉकलेट, मनुका आणि बेदाणे या तिन्हींना हात लावायचा नाही. कुत्र्यांना ते विषच. यीस्ट घातलेलं कच्चं पीठही उघडं ठेवू नकोस, पोटात जाऊन फुगतं. आणि लोकरीचा गोळा उचलून ठेवत जा. धागा गिळून शेपटीखाली लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतली आतडी कापली जातात. तसाच डॉक्टरकडे ने.

विकायची वेळ आली की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल, घरून विकलंस तरीही. ते ऑनलाइन होतं, तुला जमेल. तोवर नानकटाई वाट. कुणाचा डबा रिकामा परत आला, कुणाच्या डब्यातून उकडीचे मोदक किंवा शेतातला घेवडा आला, आणि कुणी तोच डबा घेऊन पुन्हा दारात उभं राहिलं, हे बघत जा. गणपती होईतो तुझं गिऱ्हाईक कोण ते तुला कळलेलं असेल. ते पाहुण्यांपैकी नसेल असं माझं मत, पण तू तुझं बघ.

कुत्र्यांची नावं कळव. आईला फोन कर.

तुझी,
मावशी

ता. क. निळी लोकर संपत आली म्हणतोस. उरलेल्या गोळ्यावरच्या कागदावर लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, असतो, तो वाचून त्याच लॉटची मिळते का बघ. नाही मिळाली तर दोन्ही लोकरी दोन-दोन ओळींनी आलटून पालटून वीण, म्हणजे रंगाचा जोड उठून दिसणार नाही.