पेडल स्टीलवर बाख: सुरुवात कोरलने करा

पेडल स्टीलवर, म्हणजे पायातल्या पेडलने तारांचे स्वर बदलता येणाऱ्या आडव्या गिटारवर, पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवायचंय ना? मग वेगवान रचना सध्या बाजूला ठेवा आणि जर्मन संगीतकार बाखचं एखादं संथ कोरल (अनेक आवाजांत गायचं चर्चगीत) घ्या. ई नाइन्थ ट्यूनिंगमध्ये (या वाद्याच्या तारा जुळवण्याची एक पद्धत) तिसऱ्या फ्रेटच्या खुणेवर तारांवर धातूचा बार ठेवून जी मेजर कॉर्ड (जी, बी, डी हे स्वर एकत्र) धरा, ए आणि बी नावाची पेडल सावकाश दाबा. बी स्वराचा सी होतो, डीचा ई, आणि जी जागेवरच राहतो. बार न हलवता सी मेजर! कॉर्डमधल्या एकेका आवाजाचं हे स्वतंत्र चालणं या वाद्याइतकं सुंदर क्वचितच कुठे ऐकू येतं.

सर्वांत जास्त वेळ मात्र उजव्या तळहाताने तार वेळेवर बंद करण्याला द्या, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळतात. मींड, कंप मोजकेच. पियानोची साथ असेल तर मेजर थर्ड (कॉर्डमधला तिसरा स्वर, आपला शुद्ध गंधार) फार उतरवून लावू नका.