एक दिनार आणि दोन पाटल्या

प्रश्न : सासूबाईंचे अंथरुणावरचे आजारपण मी नऊ वर्षे काढले. धाकटी जाऊ शेवटच्या दोन महिन्यांपुरती आली, तरी सासूबाईंनी जाताना दोघींना सारखी एकेक पाटली दिली. देव सगळ्यांना सारखेच देतो, असे प्रवचनात ऐकले की माझा राग उलट वाढतो. काय करावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, नऊ वर्षे कूस बदलून देणे आणि रात्री-अपरात्री उठणे काय असते, हे ज्याने केले त्यालाच कळते, त्यामुळे तुमच्या रागाला मी पाप म्हणणार नाही. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातले द्राक्षमळ्याचे कामकरीही असेच दिवसभर उन्हात राबले होते, आणि सायंकाळी पाच वाजता आलेल्यालाही त्यांच्याइतकाच एक दिनार मिळाला. मालकाने आधी पहाटेच्या मजुरांचा हिशेब चुकता केला असता, तर ठरलेला दिनार कनवटीला लावून ते समाधानाने घरी गेले असते. त्याने मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात केली, म्हणून दुसऱ्याच्या तळहातावरचे नाणे त्यांना दिसले. तुमची पाटलीही जावेच्या मनगटावर दुसरी दिसेपर्यंत हलकी वाटली नव्हती, असा माझा अंदाज आहे.

दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मजुराचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो, म्हणून ती सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. आपल्याकडच्या मजूर नाक्यावर थापी-ओळंब्याची पिशवी घेऊन दुपार उलटली तरी उभा असलेला माणूस आठवा. रिकामे का उभे, असे मालकाने विचारल्यावर दाखल्यातल्या पाच वाजताच्या मजुराने दिलेले ‘आम्हांला कोणी कामाला लावले नाही,’ हे उत्तरही आळशाचे नाही. तासांच्या हिशेबाने त्याला दिनाराचा तुकडा दिला असता, तर त्याच्या चुलीवर त्या रात्री काय शिजले असते?

‘मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपते काय?’ हा मालकाचा प्रश्न बोचरा खराच. पण कुरकुरणाऱ्याला तो ‘गड्या’ म्हणून हाक मारतो, आणि त्याचा दिनार कापून घेत नाही. तुमच्या वाट्याचे देवाने जावेला दिलेले नाही. राग लगेच जाणार नाही. प्रार्थनेत तो देवाला तोंडावर सांगा, बायबलमधल्या योना संदेष्ट्याने तर निनवे शहरावर दया केल्याबद्दल देवाशी भांडणच केले होते. शिवाय जावेला एकदा घरी बोलावून त्या दोन महिन्यांत सासूबाई तिच्याशी काय बोलल्या, ते विचारा. आधीच्या नऊ वर्षांतल्या सासूबाई मात्र तिला तुमच्याकडूनच कळतील.