टँपाला येताय आणि मुलगा बेसबॉल खेळणार म्हणता, तर जरा सविस्तर

भाऊ, मेसेज नीट वाचला. कंपनी एल-वन बी व्हिसावर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) टँपाला पाठवतेय, मुलगा १३ वर्षांचा, जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचा, आता पुण्यात क्रिकेट अकॅडमीत फास्ट बोलिंग टाकतो, आणि अर्जुन निम्मलाचे (इथलाच तेलुगू घरातला बेसबॉल खेळाडू) व्हिडिओ बघून घरात चर्चा सुरू झालीय की फ्लोरिडालाच चाललोय तर पोरगं बेसबॉलमध्ये का नाही. तुम्ही विचारलंय की त्याच्यात तेवढा दम आहे का हे ओळखायचं कसं, आणि त्यावरून घर कुठे घ्यायचं ते ठरवायचं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही. घर ऑफिस आणि शाळा बघून घ्या. पहिल्याचं उत्तर मात्र लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी बरीच वर्षं टँपाच्या या बाजूला आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी डनीडिनला मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या प्रो लीगच्या) मॅचेस बघणं हा माझा एकमेव शौक, बायकोच्या भाषेत व्यसन. होम प्लेटच्या मागे बसलं की आजूबाजूला रडार गन घेऊन बसलेले स्काऊट (टीमसाठी नवे खेळाडू हेरणारे) असतात, वहीत काहीतरी खरडत असतात, त्यांच्याशी बोलून बोलून जे कळलं तेच सांगतोय.

आधी शिडी समजून घ्या. वर ३० मेजर लीग टीम, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची पायरी. प्रत्येकीच्या खाली चार फुल सीझन टीम, ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए, म्हणजे २०२१ च्या फेररचनेनंतर एकूण १२०. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग. आपल्या इथली फ्लोरिडा स्टेट लीग सिंगल-ए, म्हणजे वरून चौथी पायरी. डनीडिन ब्लू जेजची, टँपा टारपन्स यांकीजची, क्लिअरवॉटर फिलीजची. पोरं १८ ते २२ वयाची, त्यातली बरीचशी डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाची, आणि यातली बहुतेक कधीच मेजर लीगला पोचत नाहीत, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवायचं.

आता स्काऊट बघतात काय. त्यांचं मोजमाप २० ते ८० चं. ५० म्हणजे मेजर लीगमधला ॲव्हरेज खेळाडू, मेजर लीगमधला बरं का, शाळेतला नाही. बॅटरसाठी पाच गोष्टी, हिटिंग, पॉवर, पळणं, थ्रो आणि फिल्डिंग, आणि प्रत्येकीला दोन आकडे, आजचा आणि पुढे होऊ शकेल तो. १७ वर्षांच्या चांगल्या पोराला सुद्धा हिटिंगचा आजचा आकडा २५-३० मिळतो आणि पुढचा ५०. आईबापांना वाटतं की पोराला नापास केलं, पण तसं नाहीये, सगळा व्यवहार त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर चालतो, ते अंतर पोरगं कापेल की नाही यावरच लाखो डॉलर लागतात.

यातलं घड्याळाने मोजता येतं ते सोपं. उजव्या हाताच्या बॅटरला बॉल मारल्यापासून फर्स्ट बेसला पोचायला साधारण ४.३ सेकंद लागले तर पळणं ५०. कॅचरने बॉल पकडून सेकंड बेसला पोचवायला २.० सेकंद घेतले तर ॲव्हरेज. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर तुम्ही पण मोजाल. फ्लोरिडा स्टेट लीगचा एक फायदा म्हणजे इथल्या मैदानांवरचे ट्रॅकिंगचे आकडे, बॉल बॅटवरून किती वेगाने निघाला वगैरे, नेटवर सगळ्यांना बघायला मिळतात, हाय-ए आणि डबल-एचे असे सगळे मिळत नाहीत. पण हे मोजून झालं की मग खरं अवघड सुरू होतं, तो कुठला बॉल मारतो आणि कुठला सोडतो. पिचर १८.४४ मीटरवरून टाकतो, ९० मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतो, त्यातल्या पहिल्या अर्ध्यात ठरवायचं की हा स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतला बॉल) की बाहेर वळत जाणारा स्लायडर. ऑफ स्टंपच्या बाहेरचा सोडायची अक्कल आपल्याला माहितीये, तीच, फक्त टप्पा नाही आणि वेळ कमी. मी मॅच बघताना होमरन बघतच नाही हो, ते बघायला बाकी पब्लिक आहे, मी दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आऊट, म्हणजे स्ट्राइकआऊट) मातीत जाणाऱ्या ब्रेकिंग बॉलवर, म्हणजे वळणाऱ्या बॉलवर, पोरगं काय करतं ते बघतो. सिंगल-एमध्ये तिथेच निम्मी पोरं उघडी पडतात.

अर्जुन निम्मलाचंच घ्या, कारण तुमच्या घरात त्याचंच नाव चाललंय. आईवडील भारतातून आलेले, तेलुगू घर, पोरगा इथलाच, टँपाच्या पूर्वेला डोव्हरच्या स्ट्रॉबेरी क्रेस्ट हायस्कूलचा. लहानपणी क्रिकेट पण खेळलेला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) टोरोंटो ब्लू जेजने पहिल्या राउंडमध्ये २० व्या नंबरवर घेतला, ३० लाख डॉलरला सही केली. तेव्हा वय १७, त्या ड्राफ्टमधल्या सगळ्यात लहान पोरांपैकी एक. हे वय फार महत्त्वाचं आहे, कारण १७ आणि १९ मध्ये अंगाच्या ताकदीचा जो फरक असतो तो पुढे आपोआप भरून येतो, अक्कल आणि हातांचा वेग तसा येत नाही. हात वेगवान, पॉवर आहे, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डिंगची जागा) टिकेल असं बऱ्याच जणांना वाटतं. शंका एकच होती, बॅट आणि बॉलची गाठ किती वेळा पडणार.

२०२४ ला १८ व्या वर्षी तो डनीडिनला आला आणि सुरुवातीला पार गडगडला, स्ट्राइकआऊटवर स्ट्राइकआऊट. टीमने त्याला खाली कॉम्प्लेक्सवर पाठवून स्विंगवर काम करून घेतलं, परत आल्यावर बॉल कुंपणाबाहेर जायला लागले. सीझनची बॅटिंग ॲव्हरेज (क्रिकेटसारखी नाही, साधारण हजार वेळा बॅटिंगला आल्यावर किती हिट ते) बघाल तर म्हणाल काय हे, २५० च्या पण खाली. पण फ्लोरिडा स्टेट लीग ही पिचरधार्जिणी लीग, मैदानं मोठी, हवा दमट, वर समोरचे पिचर त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. अशा ठिकाणी १८ वर्षांचं पोरगं सीझनच्या मधे बदलून दाखवतं हे मला ३०० च्या ॲव्हरेजपेक्षा जास्त पटतं. २०२५ ला हाय-एला, व्हँकुव्हरला. पहिले दोन महिने जोरात, मग थंड पडला, ॲव्हरेज परत २५० च्या खाली, पण स्ट्राइकआऊटचं प्रमाण आधीपेक्षा उतरलं, आणि ते सुद्धा १९ व्या वर्षी, लीगमधल्या सगळ्यात लहान पोरांत. आता मला विचाराल तर हा मेजर लीगला खेळेल असं वाटतं, स्टार होईल का यावर मी पैज लावणार नाही, डबल-एचे पिचर जेव्हा एकच बॉल सारखा बाहेर बाहेर टाकतात तेव्हाच ते कळतं. आणि ज्याला आपण एवढं निवडलेलं म्हणतो त्याच्याबद्दल एवढी शंका, मग १३ वर्षांच्या पोराबद्दल कोणी व्हिडिओ बघून खात्री देत असेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

फास्ट बोलिंगचं सांगतो, कारण तुम्ही अकॅडमीच्या स्पीड गनचे आकडे पाठवलेत. त्यावरून पिचिंगचं काहीच कळत नाही. बोलिंगमध्ये कोपर १५ डिग्रीच्या वर सरळ करायची परवानगी नाही आणि पिचिंगमध्ये सगळा वेग कोपर आणि खांद्याच्या त्या चाबकातूनच येतो, शिवाय रनअप नाही. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल आठवतात का, २००८ ला भारतात पिचिंगची स्पर्धा झाली होती आणि त्यातून दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केलं होतं. दोघं उत्तर प्रदेशचे, आणि दोघं बोलर नव्हते, भालाफेकवाले होते. रिंकू २०११ पर्यंत सिंगल-ए पर्यंत चढला, मग दुखापती, मग कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. दिनेश त्याच्या आधीच सुटला. म्हणून पोराचा हात बघायचाच असेल तर बाउंड्रीवरून कीपरकडे सपाट थ्रो येतो का ते बघा, दहाव्या थ्रोला पण तसाच येतो का ते बघा.

आणि खांदा-कोपर सांभाळा. इथे थंडीच नाही त्यामुळे पोरं बाराही महिने खेळतात, शनिवार-रविवार ट्रॅव्हल बॉलच्या (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या खाजगी टीमच्या) टूर्नामेंट, कोचला जिंकायचं असतं, पोराला ‘अजून एक इनिंग’ म्हणतात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचे पिच स्मार्ट नियम आहेत, १३-१४ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, आणि वर्षातले चार महिने तरी पिचिंग बंद. ते छापून फ्रिजवर लावा. कोच ऐकत नसेल तर टीम बदला, संकोच करू नका, इथे कोणाला वाईट वाटत नाही आणि वाटलं तर वाटू दे. खराब हात पुढे किती महाग पडतो ते कुमार रॉकरचं बघा (त्याची आई पण तेलुगू घरातली), २०२१ ला न्यूयॉर्क मेट्सने १० व्या नंबरवर घेतला आणि मेडिकल बघून सहीच केली नाही, वर्षभर थांबून टेक्ससने २०२२ ला तिसऱ्या नंबरवर घेतला, त्यानंतर कोपराचं ऑपरेशन, तरी २०२४ ला मेजर लीगला आला. त्याचं निभावलं, सगळ्यांचं निभत नाही.

ट्रॅव्हल बॉलचा खर्च वर्षाला काही हजार डॉलर सहज होतो, फी, हॉटेल, पेट्रोल, बॅट. शोकेस नावाचा प्रकार आहे, पैसे भरून पोराला मोजून घ्यायचं, रेटिंग मिळतं. १५-१६ च्या आधी त्यात एक डॉलर घालू नका. पहिलं वर्ष घराजवळच्या लिटल लीगमध्ये किंवा शाळेत खेळू दे. आणि मेटल बॅटने लांब गेलेला बॉल बघून हुरळून जाऊ नका, प्रोमध्ये लाकडी बॅट असते आणि ती चुकीच्या जागी लागलेल्या बॉलला माफ करत नाही.

आता व्हिसा, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एल-वन बी ची कमाल मुदत पाच वर्षं, म्हणजे तुमचा पोरगा १८ चा होईल तेव्हाच ती संपते, नेमकी हायस्कूल संपायच्या वेळी. एल-टू काय किंवा एच-फोर काय (आईबापांच्या व्हिसावर कुटुंबाला मिळणारे), मुलांना २१ पर्यंतच, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग ईबी-टू, ईबी-थ्री या नोकरीवरच्या प्रकारांत दहा वर्षांच्या वर जाते. इथल्या हायस्कूलमध्ये शिकला की तो नागरिक नसला तरी ड्राफ्टमध्येच येतो, आणि कोणी घेतलाच तर टीम पी-वन हा खेळाडूंचा व्हिसा करते, मायनर लीगवाल्यांना तो २००७ पासून मिळतो. म्हणजे बेसबॉलने रस्ता बंद होत नाही, पण बेसबॉलवर विसंबून ग्रीन कार्डचं काम लांबवू नका, कंपनीशी पहिल्याच वर्षी बोला. पगार पण ऐकून ठेवा. २०२३ च्या करारात सिंगल-एला वर्षाला किमान २६,२०० डॉलर, ट्रिपल-एला ३५,८००. पहिल्या राउंडचा बोनस ज्यांना मिळतो त्यांची गोष्ट वेगळी, बाकीची पोरं ऑफ सीझनला दुसरी कामं करतात.

कॉलेजचा रस्ता मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तिसरं वर्ष होईपर्यंत किंवा २१ होईपर्यंत ड्राफ्ट नाही, तोवर डिग्री बऱ्यापैकी होते. फुल स्कॉलरशिपची स्वप्नं नका बघू, बेसबॉलमध्ये बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते. त्यामुळे गणित आणि इंग्रजी सोडायचं नाही, ते मार्क फीला जास्त उपयोगी पडतात.

मग दम आहे का हे कधी कळेल, तर माझ्या मते १५ च्या आसपास, त्याआधी बोलणारा अंदाज पंचे करतो. तोवर तुम्ही दोनच गोष्टी बघा. खराब दिवसानंतर दुसऱ्या दिवशी स्वतःहून केजमध्ये (बॅटिंगच्या सरावाच्या जाळीत) जातो का, आणि स्वतःपेक्षा मोठ्या पोरांत टाकल्यावर चार-सहा आठवड्यांत जुळवून घेतो का. बाकी उंची, वजन, वेग, ते वयाबरोबर येईल किंवा नाही येणार, तुमच्या हातात नाही.

सामानाचं विचारलं होतं. बॅट भारतातून आणू नका, इथल्या लीगचे बॅटवर शिक्के लागतात, हायस्कूलला बीबीकोर नावाच्या शिक्क्याचीच चालते, इथे येऊन सेकंडहँड घ्या, पोरं दर वर्षी वाढतात. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह असेल तर आणा, सरावाला चालतो. आणि जन्मदाखला इंग्रजीतला, महापालिकेच्या सही-शिक्क्याचा, लसीकरणाच्या कागदांबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको, शाळेलाही लागेल आणि लिटल लीगला वय ३१ ऑगस्टला किती हे त्यावरूनच बघतात.